पाठपोट

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या कळंबात चिंचा येतात. आडतीसमोर ढीग लागतात, गल्लीतल्या बायका ओट्यावर पोती अंथरून बसतात आणि दिवसभर ठोकण्याचा आवाज चालू राहतो. टरफल एकीकडं, गर एकीकडं, चिंचोके एकीकडं. साऱ्या गावाच्या तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच दिवसांत बारावीच्या पोरांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं, कारण परीक्षाही तेव्हाच. कडुनिंब पानं गाळतो, दुपारी रस्त्यावरची धूळ स्वतःहून उठून चालायला लागते. ज्याला त्याला या दिवसांत काही ना काही आठवत असेल. मला एक भोक आठवतं. चौकोनी, अंगठ्याएवढं.

ते मला भेटलं ते माझ्या झोपेमुळं. त्या वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन करताना मला खुर्चीतच डोळा लागला. पोरं इतकी गुणी, की सरांची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी अत्यंत शांतपणे कॉपी केली. मुख्याध्यापक दारात उभे राहिले तेव्हा एवढ्या शिस्तीचा हॉल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला परीक्षेच्या कामातून काढलं आणि ग्रंथालयात पाठवलं. शाळेचे जुने वार्षिक अंक आणि तालुक्यातल्या एका कधीच बंद पडलेल्या साप्ताहिकाचे बांधीव गठ्ठे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायचे, असं ते काम. इथं झोपलात तरी कुणाचं नुकसान नाही, असं ते म्हणाले. त्यांचा अंदाज चुकला.

मी मराठी शिकवतो. यंत्र आणि मी यांचं नातं सासूसुनेचं. पहिला आठवडाभर मी जे स्कॅन केलं, त्यात प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा आलाय. पुढं कुणी या तालुक्याचा इतिहास अभ्यासला तर प्रत्येक घटनेला हजर असलेला हा अंगठेबहाद्दर कोण, असा प्रश्न त्याला पडेल. पंखा चालू ठेवून पानं लावल्यामुळं एका नगराध्यक्षांचं भाषण ज्वारीच्या बाजारभावात जाऊन संपतं. आणि मुख्य म्हणजे आगबोट.

त्या साप्ताहिकात मला बातमी सापडली, की मांजरा नदीतून आगबोट सुरू होणार असून कळंबला बंदर मंजूर झालं आहे. मला घाम फुटला. इतकी वर्षं इथं राहतो आणि आपल्याला पत्ता नाही. मी ती बातमी ‘आपला जिल्हा, आपला इतिहास’ या ग्रुपवर टाकली, वाचनालयात ‘मांजरेतील जलवाहतूक: एक हरवलेले पर्व’ या विषयावर सव्वा तास बोललो, टाळ्या घेतल्या, नारळ घेतला. घरी येऊन पुढचं पान उघडलं तर वर ठसठशीत छापलेलं: शिमगा विशेषांक. जुन्या साप्ताहिकांची ती रीतच होती. शिमग्याला एक अंक निव्वळ थापांचा काढायचा, गावातल्या बड्यांची टोपी उडवायची आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सभ्य व्हायचं. माझ्या व्याख्यानाला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी अर्ध्यांना हे ठाऊक असणार. त्यांनी मला बोलू दिलं. अजून बसस्टँडवर कुणीतरी विचारतं, सर, लातूरची बोट गेली का.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. भोक नेता येत नाही.

वार्षिक अंकांत मधोमध गुळगुळीत कागदाची काही पानं असायची, फोटोंची. वक्तृत्व मंडळ, कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलन समिती. खुर्चीत बसलेले शिक्षक, मागं उभी पोरं, सगळ्यांची नजर फोटोवाल्याच्या काळ्या फडक्याकडं. एकामागून एक अंक उलगडत गेलो तशी या पोरांमध्ये चौकोनी भोकं दिसायला लागली. कुठं बसलेल्यांत, कुठं उभ्यांत, प्रत्येक वेळी नेमका एक चेहरा गायब. मला आधी वाटलं उंदीर. पण उंदीर इतका सरळ कोपरा काढत नाही.

मग मी आमच्या निवृत्त ग्रंथपालांकडं गेलो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ओट्यावर सूनबाईंबरोबर चिंचा फोडत बसले होते. भोकांचं सांगितल्यावर हातातली चिंच खाली ठेवली. मग म्हणाले, त्या काळात कुणाच्या घरी फोटो असायचा? जन्मात एकदा काढायचा तो शाळेतला. मग पोरगं जायचं. कुणी तापानं, कुणी सापाचं पान लागून, कुणी विहिरीत. तेराव्यानंतर बाप ग्रंथालयाच्या दारात येऊन उभा राहायचा, टोपी हातात घेऊन.

“त्याला मी काय नियम वाचून दाखवू? ब्लेड मीच द्यायचो,” भाऊ म्हणाले.

“आणि पानाच्या मागं काय आहे, ते बघत होता का?”

“मागं कोण बघतंय, सर. रडणारं माणूस समोर असतं.”

त्या दिवसापासून मी भोकं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. म्हणजे जे जगले, पोटाला लागले, म्हातारे होऊन आपापल्या गावी खोकत बसले, ते सगळे अंकात शाबूत आहेत. जे गेले तेवढे अंकातूनही गेले. आपण ज्याला इतिहास म्हणून संकेतस्थळावर टाकतोय तो उरलेल्यांचा आहे, आणि त्यात जे शोधायला माणूस येणार तेच नसणार. हे मला कळलं होतं. कळूनही मी जे केलं ते खास माझ्या पद्धतीचं होतं.

भूमहून एका बाईंचा फोन आला. कलावतीबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. भाचीच्या मोबाइलवर माझी आगबोट वाचून हसल्या होत्या आणि त्याखाली, शाळेचे जुने अंक आता घरबसल्या बघा, असं मीच लिहिलेलं वाचून त्यांनी माझा नंबर मिळवला होता. त्यांचा थोरला भाऊ, किसन, आमच्या शाळेत होता. त्यांच्या वस्तीतून हायस्कुलात आलेला पहिला. मॅट्रिकच्या परीक्षेआधीच तापानं गेला. या तेव्हा लहान, परकर सावरता न येणाऱ्या. घरात फोटो एकही नाही.

“सर, मला त्याचं समदं आठवतंय,” त्या म्हणाल्या. “शेळ्यांपुढं हुबा राहून भाषण पाठ करायचा. अध्यक्ष महोदय म्हणायचा आन आमची भुरी शेळी मान हलवायची. म्या टाळ्या वाजवायचे. आवाज जशाला तसा हाय कानात. तोंड तेवढं आठवत न्हाय.”

फोटोंखालची नावं मी टाइप करून ठेवली होती. संगणकात ‘किसन’ घातलं आणि लगेच समोर आलं: वक्तृत्व मंडळ, उभे, डावीकडून तिसरे. मी जागच्या जागी उडालो. पान उघडून बघायच्या आत फोन लावला आणि सांगून टाकलं, सापडला. पलीकडं त्यांनी भाचीला गाडीची वेळ विचारली. मग त्या म्हणाल्या, उद्या पहिल्या गाडीनं येते.

फोन ठेवून मी फोटो उघडला. डावीकडून पहिला, दुसरा, मग भोक.

पुन्हा फोन करून सांगायला हवं होतं. मी दिवसभर शब्द जुळवत बसलो आणि त्या येऊन ठेपल्या. पांढरी स्वच्छ साडी, बुद्धवंदनेला नेसतात तशी, आणि पिशवीत भूमच्या बाजारातून घेतलेली कोरी फ्रेम, काचेसकट. मी त्यांच्यापुढं संगणक फिरवला. त्यांनी बोट लावून मोजलं. भोकावर बोट थांबलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्याकडच्याच कुणी कापून नेला नसेल ना?

“आमच्या घरात फोटो असता, तर म्या इथं आले असते का सर?”

त्या अंकाची दुसरी प्रत मिळते का, हे मी पुढचे दिवस शोधत फिरलो. माजी विद्यार्थ्यांना फोन केले. कुणी रद्दीत घातलेला, कुणाचा वाळवीनं नेलेला, छापखाना बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान. शाळेतलीच प्रत उरलेली. शेवटी तोच अंक हातात घेऊन खिडकीशी उभा राहिलो आणि तेव्हा कुठं, एम.ए. असूनही आणि भाऊंना मागच्या बाजूचं स्वतःच विचारूनही, माझ्या डोक्यात उजेड पडला, की भोक कागदाच्या एकाच बाजूला नसतं.

पान उलटलं. मागं कबड्डीचा संघ. तिथं ते भोक एका पोराच्या डोक्याखांद्याभोवती नेमकं बसत होतं, चारही बाजूंनी सारखी जागा सोडून. पुढच्या बाजूला मात्र ते किसनच्या शेजाऱ्याचा अर्धा कान घेऊन गेलं होतं. म्हणजे ब्लेड मागून चाललं होतं. किसनला कुणी नेलंच नव्हतं. कुणीतरी आपल्या माणसाला नेलं आणि किसन त्याच्या पाठीला चिकटून गेला.

कबड्डीतल्या त्या पोराचं नाव खाली होतं: शिवलिंग. पुढं गाव, तेर. साप्ताहिकाच्या त्याच सालच्या गठ्ठ्यात तेरणेला पूर आल्याची बातमी होती आणि तिच्या शेपटाला, आमच्या विद्यालयाचा खेळाडू वाहून गेल्याच्या चार ओळी. हा शिमगा विशेषांक नाही ना, हे मी दोनदा बघून घेतलं. किसनबद्दल त्या पेपरात कुठंच काही नव्हतं. कलावतीबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या वस्तीत कोण मेलं, हे त्या पेपराला कोण सांगणार, आन सांगितलं तर ते छापणार का.

तेरमध्ये माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्यानं घर शोधून दिलं. भुसार मालाचं दुकान, मागं राहतं घर. कलावतीबाई आणि मी धाराशिवला उतरलो, तिथून तेरची गाडी धरली. गाडीत चिंचेची पोती होती आणि पोत्यांवर आम्ही. सगळ्या वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, दादाची उंची लई होती म्हणं.

दुकानात शिवलिंगचा पुतण्या होता, पन्नाशीचा. तो नीट बोलला, पाणी दिलं, पण फोटो म्हटल्यावर त्याचा चेहरा आखडला. काकांचा फोटो उतरवायचा नाही म्हणाला. मोठीआई रोज विभूती लावते, बेल वाहते, तिचं सगळं त्या फोटोवर आहे. मोठीआई म्हणजे शिवलिंगची बायको, महादेवी. लग्न झालं तेव्हा दोघंही पोरंच. नांदायला आली आणि पहिल्याच पावसाळ्यात पूर आला. तेव्हापासून ती याच घरात.

आतून आवाज आला, कोण आलंय. मग तिलाच सगळं सांगावं लागलं. ती भिंतीला टेकून बसलेली, समोर सुपात चिंचोके. मी पानाची पुढची बाजू, मागची बाजू हातवारे करून समजावत होतो आणि ती माझ्याकडं न बघता कलावतीबाईंकडं बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

“म्हंजे हिचा भाऊ इतकी वर्षं आमच्या घरात भिंतीकडं तोंड करून हुबा हाय म्हणा की. याला रोज बेल, आन त्याला कायच न्हाय.” मग पुतण्याला, “काढ रं खाली.”

फोटो म्हणजे तेवढाच अंगठ्याएवढा तुकडा. मोठा करायला नेला तेव्हा फोटोवाल्यानं सांगितलं होतं, छापील आहे, मोठा केला की नुसते ठिपके दिसतील. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या मधोमध तसाच चिकटवलेला, भोवती कुणीतरी हातानं वेलबुट्टी काढलेली. लावून लावून विभूतीचा थर काचेवर बसलेला. मागचे खिळे उचकटले, पुठ्ठा बाहेर काढला. तुकडा पुठ्ठ्याला असा बसलेला, की नखसुद्धा शिरेना.

“चिंचोक्याची खळ हाय ती,” महादेवीआजी म्हणाल्या. “सासूनं शिजिवली होती. फाटंल, पर सुटायची न्हाय.”

आता इथं माझ्या जागी शहाणा माणूस असता तर त्यानं हात मागं घेतला असता. मी रुमाल ओला केला. कोपऱ्यावर हळूच दाबला, म्हटलं जरा सैल पडेल. रुमाल उचलला तर त्यावर एक राखाडी डाग, आणि शिवलिंगच्या शर्टाची कॉलर नव्हती. पुतण्या उभा राहिला. माझा हात पुन्हा खाली जात होता, तेवढ्यात कलावतीबाईंनी मनगट धरलं ते नर्सनं धरावं तसं, घट्ट.

पुण्यात जुने कागद दुरुस्त करणारे एक ओळखीचे आहेत. तिथूनच त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, त्या गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो, ओला झाला की शाई त्याच्यासकट निघून येते. खळीत अडकलेली बाजू तर बहुतेक त्याच दिवशी गेली असेल, ज्या दिवशी चिकटवली. सोडवायला गेलात तर वरचाही जाईल. मी हे जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायची मला सवय आहे, पण त्या दिवशी जमलं नाही.

महादेवीआजी म्हणाल्या, “फाडून बघायचं असंल तर बघा. माझं काय, म्या याला पाठ केलाय.”

असं म्हणताना त्यांचा एक हात पुठ्ठ्यावर होता.

“नगं,” कलावतीबाई म्हणाल्या. “दोघंबी जातील.”

बाहेर दुकानात गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं. कलावतीबाईंनी पुठ्ठा मांडीवर घेतला. मागं नुसता तपकिरी कागद, तिथं बघण्यासारखं काही नाही, म्हणून त्यांनी तो सुलटा केला आणि शिवलिंगकडं बघत बसल्या. कपाळावर आलेले केस, आखडलेला जबडा, एक भुवई जरा वर. महादेवीआजी सरकून त्यांच्या शेजारी आल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, तसाच असंल बाई. एका शाळेतली पोरं, एका न्हाव्याकडं केस कापलेली, एका वयाची. कितीसा फरक असंल. ती समजूत होती. मनापासून घातलेली. मलाही त्या वेळी बरं वाटलं. कलावतीबाईंनी मान हलवली आणि आणखी बघत राहिल्या, डोळे अगदी जवळ नेऊन.

निघताना आजींनी कलावतीबाईंना लावायला विभूती चिमटीत घेतली, त्यांच्या कोऱ्या कपाळाकडं बघून थबकल्या, मग नुसतेच हात जोडले. फोटो पुन्हा भिंतीवर गेला. कॉलर नसलेला.

माझं स्कॅनिंगचं काम पुढं संपलं. त्या पानाच्या दोन्ही बाजू संकेतस्थळावर आहेत, अंगठ्यासकट. संगणकात नाव घातलं तर अजूनही ते किसनला बरोबर शोधून काढतं आणि बरोबर त्या भोकापाशी नेऊन सोडतं. लोक मला म्हणतात, सर, मोठं काम केलंत, आता काही हरवणार नाही. मी मान डोलवतो. हरवलेलं किती रेखीव दिसतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

यंदा पुन्हा आडतीसमोर ढीग लागले. परीक्षा सुरू झाल्या. मला सुपरव्हिजन दिलेली नाही. दुपारी ओसरीत बसलो होतो तेव्हा कलावतीबाईंचा फोन आला. मी आधी बोटीचा विनोद केला, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,

“सर, एक घोळ झालाय. आता दादा आठवला की तेरचा मानूस दिसतोय. बोलतो दादाच, पर तोंड त्या मानसाचं. भुवई सुदीक त्याचीच.”

मी म्हणालो, होतं असं, जाईल हळूहळू.

“जात न्हाय. वर्षभर बघितलं. आधी तिथं काय नव्हतं, ते बरं होतं. मोकळी जागा दादाची तरी होती.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “ते पुसता येतं का हो?”

संगणकातल्या एखाद्या चित्राबद्दल विचारावं तसं विचारलं, सरळ, कामाचं म्हणून. मी नाही येत म्हणालो.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “मलाबी तसंच वाटलं.”